पार्श्वभूमी : क्योतोचा रंगीत चहावाडगा आणि गोजोझाकाच्या विझलेल्या भट्ट्या

सोळाव्या शतकात जपानच्या चहाविधीच्या मंडळींत मान होता तो राकू म्हणजे हाताने घडवलेल्या साध्या काळ्या-तांबड्या वाडग्यांना. सतराव्या शतकाच्या मध्यावर क्योतोच्या निन्नाजी मंदिरापाशी झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर, रंगकाम सुरू झाले आणि वाडग्यावर ऋतू आला. मेमध्ये आयरिस, शरदात मेपलची पाने, हिवाळ्यात बर्फाने वाकलेला बांबू. फूल उमलण्याच्या जरा आधीच त्याचा वाडगा बाहेर काढायचा, हा रिवाज अजून पाळला जातो.

१८६९ मध्ये राजधानी तोक्योला गेली आणि क्योतोचे हक्काचे गिऱ्हाईकही गेले. कारागीर निर्यातीच्या मालावर जगले. पुढे मुलींच्या शाळांत चहाविधी शिकवला जाऊ लागला, युद्धानंतर मध्यमवर्गीय घरांतल्या बायका तो हौसेने शिकू लागल्या, आणि ऋतूगणिक वेगळ्या वाडग्याला मागणी आली.

त्याच सुमारास भट्ट्यांवर गंडांतर आले. गोजोझाका या क्योतोतल्या कुंभारवस्तीच्या चढावर लाकडावर पेटणाऱ्या, एकावर एक कप्पे चढत जाणाऱ्या भट्ट्या होत्या. १९६८ मध्ये देशभरासाठी वायुप्रदूषणाचा कायदा आला आणि १९७१ च्या सुमारास या भट्ट्या थंडावल्या. दाट वस्तीतल्या लोकांना धूर नको होता, हे रास्तच. पण रोज धूर ओकणारा कारखाना आणि अधूनमधून पेटणारी भट्टी यांना एकच माप लावायला नको होते.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो : रंगकाम या मोठ्या भट्टीत भाजलेच जात नसे, मग रंगीत वाडग्याचे बिघडले काय? पहिला भाग खरा आहे. झिलई बाराशे अंशांच्या वर पक्की होते. त्यावर हिरवा, निळा, तांबडा भरून वाडगा छोट्या भट्टीत आठशेच्या आसपास भाजतात, सोने सर्वांत शेवटी आणि त्याहून मंद आचेवर. विजेच्या भट्टीत हे उलट अधिक बिनचूक जमते.

बिघडले ते दुसरीकडे. मोठी भट्टी सामाईक असे. स्वतःची भट्टी नसलेला कारागीर कप्प्यातली जागा भाड्याने घेई आणि आपला माल शेजाऱ्याच्या मालाबरोबर भाजून घेई. ती सोय गेल्यावर प्रत्येकाला विजेची किंवा गॅसची भट्टी घ्यावी लागली. लाकूड सोडवत नव्हते ते काहीजण क्योतोच्या दक्षिणेला उजी गावाजवळच्या सुमियामाला गेले. क्योतोच्याच यामाशिना भागातली कुंभारांची वसाहत तर साठच्या दशकातच उभी राहिली होती. गोजोझाकाजवळची आठ कप्प्यांची एक भट्टी आता संग्रहालयात आहे. १९७७ मध्ये, म्हणजे भट्ट्या थंडावल्यावर सहाच वर्षांनी, क्योतोच्या याच मातीच्या भांड्यांना सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

आज स्वस्त वाडग्यांवर छापील चित्र चिकटवून भाजलेले असते. हाताने रंगवलेल्या वाडग्यावर पानाची रेघ सुरुवातीला भरीव आणि टोकाला विरळ होते, आणि दोन पाने कधीच तंतोतंत सारखी नसतात. दुकानात वाडगा उजेडात धरून एवढे तरी पाहावेच.