टर्बो गेला की इंजिन बसलं?

दहा-बारा वर्षं चाललेली डिझेल गाडी ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात दमते, मागे धूर सोडते आणि डिपस्टिकवर ऑइल कमी दिसायला लागतं. गॅरेजमध्ये नेली की ऐकू येतं, "टर्बो गया, भिया." कधीकधी ते खरंही असतं. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरी गाडी हीच तीन लक्षणं दाखवते, आणि दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. म्हणून होकार देण्याआधी थोडी तपासणी स्वतः करावी. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हा रस्त्यावरची प्रत्येक डिझेल स्विफ्ट-डिझायर आता जुन्यातच मोडते आणि हा प्रश्न घरोघरी येणार आहे.

टर्बोचं काम हवेचं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. ही शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. ते ऑइल इंजिनाच्या पंपाने दाबाखाली येतं, मात्र परत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. हा परतीचा रस्ता लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर येणार आहे.

रिंगांचं काम दाबाचं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो; हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटावं. रिंगा झिजल्या की दाब निसटतो, जळालेला वायू खाली चेंबरमध्ये शिरतो. आपले मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

यातूनच माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण निघते: सकाळचा स्टार्ट. स्टार्टर फिरताना टर्बो काहीच करत नाही, त्यामुळे टर्बो पूर्ण बिघडला तरी गाडी चालू होण्यात फरक पडत नाही. जानेवारीच्या सकाळी गाडी बराच वेळ फिरवावी लागत असेल, चालू झाल्यावर एका सिलिंडरने थरथरत पांढरा धूर सोडत असेल, तर बॅटरी, ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारी कांडी) आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) आधी पाहा. ते ठीक असतील तर संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर. दुसरी खूण आरपीएमची. साधारण १५०० च्या खाली टर्बोची मदत नगण्य असते. तिथे गाडी पूर्वीसारखी चालते, पण १८००-२००० ला जो धक्का यायचा तो येतच नाही, तर बिघाड हवेच्या बाजूला. खालपासूनच मरगळ असेल तर इंजिनाकडे बघायला हवं.

धुराचा रंगही सांगतो, पण एकटा पुरेसा नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना निळा ढग आला आणि नंतर विरला, तर टर्बोच्या सीलवर किंवा व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्या. गरम गाडी चढावर सतत निळा धूर ओढत असेल तर रिंगांवर.

आता खरा सापळा. टर्बो काढून पाहिला तर हवेच्या बाजूला ऑइल साचलेलं दिसतं, आणि मालकाला ते दाखवलं की तो लगेच नवीन टर्बोला तयार होतो. पण चेंबरमध्ये बॅक कॉम्प्रेशन वाढलं असेल तर टर्बोचं ऑइल खाली उतरणार कसं? ते अडतं आणि सीलमधून दोन्ही बाजूंना बाहेर पडतं. सील चांगलं असलं तरी. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवला तर थोड्याच दिवसांत तोही ऑइल फेकतो. म्हणून इंजिन गरम असताना, आयडलवर, ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारा, पाइप काढून पाहा. हलकी वाफ चालते. जोराने आणि ठोक्याठोक्याने धूर येत असेल तर टर्बोला हात लावू नका. ब्रीदर स्वतः चिखलाने बंद असला तरी दाब वाढतो, त्यामुळे आधी तो साफ करा, तिथेच प्रश्न सुटू शकतो.

शंका उरलीच तर ग्लो प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन आणि लीकेज तपासून घ्या. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर ती ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

टर्बोचीही तपासणी सोपी आहे. हवेचा पाइप काढून, इंजिन बंद आणि थंड असताना, शाफ्ट बोटाने हलवा. वर-खाली किंचित ढिलेपणा असतोच, त्यावरून टर्बो खराब ठरवू नये. पुढे-मागे सरकत असेल, किंवा पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र तो गेला. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइलचा पातळ थर नेहमीच असतो. स्कॅनरवर पी०२९९ कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की हवेचा दाब कमी पडतोय. फाटलेला होज पाइप, सुटलेला क्लॅम्प, चिरलेली व्हॅक्यूमची नळी हेही तेच करतात. गाडी दाबल्यावर नवी सीटी किंवा फुसफुस आणि मागे काळा धूर, हे तर बहुतेकदा होजचंच काम असतं.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर इंजिन स्वतःचं ऑइल पिऊन चालू लागतं, आरपीएम वाढतच जातो आणि किल्ली काढली तरी ते बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडा. नाही जमलं तर सगळ्यांना उतरवून दूर व्हा. हवेच्या तोंडावर हात धरू नका.

आणि टर्बोच दोषी ठरला, तर बसवताना मिस्त्रीपाशी उभं राहा. ऑइल आणणारी बारीक नळी बदलून घ्या, कारण जळलेल्या ऑइलने ती आतून बुजलेली असू शकते. ऑइल, ऑइल फिल्टर नवे हवेत, इंटरकूलर रिकामा करून घ्या. नव्या टर्बोच्या ऑइलच्या भोकात आधी थोडं ऑइल ओतून मगच गाडी चालू करायला सांगा.