वारांची नावे (पौराणिक उगम)

वारांची नावे : सूर्य, चंद्र व पाच दृश्य ग्रह यांच्यावरून पडलेली सात दिवसांची नावे आणि त्या नावांना चिकटलेल्या पुराणकथा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी वापर येथे विशेष लक्षात घेतला आहे. ‘पौराणिक उगम’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी सैल आहे. वारांचा क्रम गणितातून आला आणि कथा त्याला नंतर येऊन मिळाल्या, असे मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

संस्कृतात ‘वार’ म्हणजे पाळी, खेप. ‘वारंवार’मध्ये तो अर्थ टिकून आहे. गरीब विद्यार्थ्याने सात घरी ‘वार लावून’ जेवण्याच्या जुन्या रिवाजात तर पाळी आणि दिवस हे दोन्ही अर्थ एकाच ताटात येतात. कन्नडमध्ये ‘वार’ म्हणजे अख्खा आठवडाही. त्यामुळे ‘एक वार थांबा’ असे कन्नड दुकानदाराने सांगितले, तर तो सात दिवसांची मुदत मागत असतो. मराठीने मात्र ‘आठवडा’ घडवला तो दोन्ही टोके धरून. रविवार ते रविवार मोजले की आठ भरतात.

क्रमाचे गणित : सूर्यमालेतील अंतराने पाहिले किंवा तेजाने, रवी–सोम–मंगळ–बुध–गुरू–शुक्र–शनी हा क्रम कुठेच जुळत नाही. तो जुळतो होरेने, म्हणजे अहोरात्राच्या चोविसाव्या भागाने, तासाने. पृथ्वीवरून दिसणाऱ्या गतीनुसार मंदापासून शीघ्रापर्यंत ग्रह मांडले, तर शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी ओळ होते. अहोरात्राच्या 24 होरा या ओळीत पाळीने वाटायच्या आणि सूर्योदयाच्या होरेचा धनी तो त्या दिवसाचा धनी. शनिवारी पहिली होरा शनीची. सातांची तीन आवर्तने होऊन 21 होरा संपतात, उरलेल्या तीन शनी, गुरू व मंगळ यांच्याकडे जातात, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला रवी येतो. त्याच हिशेबाने पुढे चंद्र, मग मंगळ. आर्यभटाने (जन्म 476) ‘आर्यभटीय’ या ग्रंथाच्या कालक्रियापादात हा नियम एका श्लोकात बसवला आहे : शनीपासून शीघ्रतेच्या क्रमाने मोजता चौथा तो दिनपती. सूर्यसिद्धांतातही हाच नियम आहे. रोमन इतिहासकार डायो कॅसियस याने तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात असाच खुलासा दिला असून ही पद्धत त्याने इजिप्तच्या लोकांकडे लावली आहे.

वाद आहे तो ‘होरा’ या शब्दावरून. ‘अहोरात्र’मधील पहिले व शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ उरला, असे काहींचे मत वराहमिहिराने नोंदवले आहे. ते स्वतःचे म्हणून न देता ‘काहींचे’ म्हणून दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रीक ‘होरा’ (तास) हाच मूळ शब्द, हे आज बहुतेक अभ्यासक धरतात.

प्राचीनता : वैदिक वाङ्मयात व वेदांगज्योतिषात तिथी-नक्षत्रे आहेत, यज्ञातला सहा दिवसांचा ‘षडह’ आहे, ग्रहांचे वार नाहीत. महाभारतातही ते आढळत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रह मोजले आहेत ते नेमके वारांच्या क्रमाने : सूर्य, सोम, महीपुत्र (मंगळ), सोमपुत्र (बुध), बृहस्पती, शुक्र, शनैश्चर आणि मग राहू-केतू. ही स्मृती साधारण तिसरे ते पाचवे शतक या दरम्यानची मानली जाते. तेव्हा वारांचा क्रम तोवर अंगवळणी पडला होता, एवढे म्हणता येते. ग्रीक फलज्योतिष संस्कृतात मांडणाऱ्या यवनजातकाचा इ. स. 269–70 हा काळ पूर्वी आधाराला घेतला जाई, परंतु त्या वाचनावर अलीकडे आक्षेप आल्याने त्यावर भार टाकणे बरे नाही.

निश्चित कालाचा जुना पुरावा मध्य प्रदेशातील एरण येथील गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या स्तंभलेखात आहे : गुप्त वर्ष 165 (इ. स. 484), आषाढ शुद्ध द्वादशी, ‘सुरगुरोर्दिवसे’. शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी गुप्त लेख 1888 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील तारखांचे गणित करण्यात मूळचे मुरूडचे ज्योतिर्गणिती शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा मोठा वाटा होता. लेखात ‘गुरुवार’ असे लिहिलेले नाही. ‘देवांच्या गुरूचा दिवस’ असे आहे. म्हणजे वार भारतात ठळकपणे दिसू लागतो तोच कथेचा अंगरखा घालून.

कन्नड शिलालेखांत ‘वड्डवार’ असा एक वार येतो. ‘वड्ड’ म्हणजे थोर, वृद्ध असे धरले, तर तो गुरूचा की शनीचा, हा प्रश्न पडतो. तिथीशी ताडून पाहता शनिवार ठरतो असे मत अधिक रूढ आहे. गुरुवारही सुचवला गेला आहे. बोलीत हा शब्द उरलेला नाही.

कथा : चंद्राने बृहस्पतीची पत्नी तारा हिला पळवले, तिच्यासाठी देवासुरांचे युद्ध झाले आणि तिच्या पोटी चंद्रापासून बुध जन्मला. पुढे इलेपासून त्याला पुरूरवा झाला व चंद्रवंश सुरू झाला. म्हणजे सोमवार, बुधवार आणि गुरुवार यांच्यामागे एकाच घरातला कलह आहे. मराठी कहाणीने तो पार मिटवून टाकला. बुध-बृहस्पतीच्या श्रावणी कहाणीत हे दोघे मामा-भाचे होऊन दारी येतात आणि ‘आमचे हात रिकामे नाहीत’ म्हणणाऱ्या सुनांची खोड मोडतात. श्रावणात भिंतीला चिकटवायच्या जिवतीच्या कागदावर तळाशी हेच दोघे असतात : बुध हत्तीवर, बृहस्पती वाघावर. स्वस्त छपाईत वाघाचे पट्टे पुष्कळदा बृहस्पतीच्या धोतरापर्यंत उतरलेले दिसतात.

मंगळ हा भूमीचा पुत्र, म्हणून भौम, कुज, महीसुत. शिवाच्या घामाचा थेंब पृथ्वीवर पडून तो झाला, अशी एक कथा आहे. गणेशपुराणात तो गणपतीची आराधना करतो व अंगारकी चतुर्थीला त्याचे नाव मिळते. शुक्र हा भृगुकुळातला, असुरांचा गुरू. शिवाच्या उदरात कोंडला जाऊन तो वीर्यरूपाने बाहेर पडला, तेव्हापासून ‘शुक्र’ (वीर्य). शनी सूर्य व छाया यांचा मुलगा, ‘शनैश्चर’ म्हणजे सावकाश चालणारा. पायाला झालेल्या इजेच्या कथा त्याच्या मंद गतीचा खुलासा करतात. हा ग्रह सूर्याभोवती फिरायला सुमारे 29½ वर्षे घेतो, हे निरीक्षण अर्थातच कथेआधीचे असावे.

सीमाभागातील रूपे व वापर : जुन्या पिढीच्या बोलीत रविवार हा ‘आयतवार’ (आदित्यवार) आणि गुरुवार हा ‘बेस्तरवार’ (बृहस्पतिवार). कन्नड बोलीतही ‘आयतवार’ आणि ‘बेस्तवार’ असल्याने बाजारात दोन्ही भाषांच्या माणसांना वार सांगताना भाषा बदलावी लागत नाही. खाली गोव्याच्या कोकणीत तेच ‘आयतार’ आणि ‘बिरेस्तार’. सरकारी कन्नडमधला ‘भानुवार’ मात्र दक्षिणेकडचा; उत्तर कर्नाटकात कन्नड माणूसही ‘रविवार’ किंवा ‘आयतवार’च म्हणतो. बँकेच्या दारावर ‘भानुवार’ बंदची पाटी लागते आणि खाली उभा असलेला म्हातारा ‘आयतवारी बंद काय?’ असे विचारतो.

बेळगाव शहरात रविवार पेठ आणि शनिवार खूट ही ठिकाणे, तर टिळकवाडीत सोमवार, गुरुवार, शुक्रवार अशा पेठा आहेत. शनिवार हा शहराचा बाजाराचा दिवस.

देवांचे वार ग्रहांशी सरळ जुळत नाहीत. सोमवारी बेळगावच्या कपिलेश्वराच्या शिवमंदिरात गर्दी होते, कारण चंद्र शिवाच्या माथ्यावर. जोतिबा व खंडोबाचा रविवार सूर्याशी जोडता येतो. सौंदत्तीच्या यल्लम्माचे मंगळवार-शुक्रवार मात्र भौमाशी वा भृगुपुत्राशी काही नाते सांगत नाहीत. ते देवीचे वार म्हणून सगळीकडेच आहेत. लिंगायत शेतकरी सोमवारी बैल जुंपत नाहीत, तो बसवाचा मान. मराठी गावांत ‘वार पाळणूक’ असते : गाऱ्हाणे घालून वार ठरवला की त्या दिवशी औत बाहेर निघत नाही. कुणी निघालाच, तर वेशीपाशी ‘आज वार हाय न्हवं?’ एवढे विचारले जाते आणि बैल परत गोठ्याकडे वळतात.