अँटेनाचं तोंड कोणीकडे?

निपाणीत लहानपण गेलेल्या माझ्या वयाच्या माणसाला जुन्या टीव्हीबद्दल विचारलं, तर पडद्याच्या आधी गच्ची आठवते. वर काका बांबू धरून उभे, खाली आम्ही. 'आलं काय रे?' 'आलं, आलं... गेलं की वो!' चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरकडून मराठी काही हाती लागतंय का, याची ती खटपट. पडद्यावर मुंग्या असायच्या, पण त्या मुंग्यांतून आवाज मराठी आला तरी घर खूश. हल्ली 'डिजिटल झालं' हे दोन शब्द सहज म्हटले जातात. सीमाभागात त्यांच्यामागे बरंच काही आहे.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी. तोपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, जाऊन 16 वर्षं झाली होती, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवालही येऊन गेला होता. म्हणजे मराठी टीव्ही जन्मला तेव्हा आम्ही आधीच रेषेच्या या बाजूला होतो. 1975-76 साली अमेरिकी उपग्रहावरून खेडोपाडी टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. त्याच्या 2400 गावांत कर्नाटकातली गावं विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतली होती. शेजारच्या विजापुरात जाळीच्या दहा फुटी छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, लागल्या, बेळगाव जिल्हा वगळला गेला.

आमच्याकडे टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो 1982 च्या एशियाडनंतर. रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, 1983 साली इन्सॅट-1बी हा उपग्रह वर गेला आणि 1984 मध्ये देशभर छोट्या ट्रान्समीटरांचा सपाटा लागला. यातले बहुतेक 100 वॅटचे. काम सोपं : उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवायचा आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये पसरायचा. पुढे राज्याच्या मुख्य केंद्राचे कार्यक्रमही असेच उपग्रहावरून जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचू लागले आणि तिथे आमची गोची झाली. ट्रान्समीटर कर्नाटकातला, तेव्हा संध्याकाळी बेंगळुरूचं कन्नड लागणार. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटरवर, पण टीव्हीच्या हिशेबात तेच जवळचं. यात कुणाचा डाव होता असं मी म्हणणार नाही, जोडणी राज्यवार होती इतकंच. तरी अ‍ॅनालॉग लहरींना राज्याची हद्द कळत नाही. उंची असेल, मध्ये डोंगर नसेल, तर त्या पलीकडून येतात, फक्त क्षीण होत जातात. म्हणून तो बांबू. जांबोटी-कणकुंबीच्या डोंगराआडच्या घरांना मात्र ना हे, ना ते.

ही अ‍ॅनालॉग पद्धत खर्चिक होती. 625 रेषांचं, पाल नावाच्या रंगीत पद्धतीचं चित्र, एका वाहिनीला 7 मेगाहर्ट्झची पट्टी आणि त्या पट्टीत कार्यक्रम एकच. डिजिटलमध्ये चित्र आधी आकडे करून दाबलं जातं, म्हणून तेवढ्याच जागेत अनेक वाहिन्या बसतात. फरक खराब हवेत दिसतो. अ‍ॅनालॉग हळूहळू मरतं, मुंग्या वाढत जातात, तरी क्रिकेटचा स्कोअर कळतो. डिजिटल एका हद्दीपर्यंत स्वच्छ, मग चौकोन चौकोन, आणि पुढे काळा पडदा. क्षीण सिग्नलवर भागवणाऱ्या सीमेवरच्या माणसाला हा बदल सोयीचा नव्हता.

पण तोवर मराठी दुसऱ्या वाटेने घरात आलं होतं. 1991 नंतर केबलवाले आले आणि विजेच्या खांबांवरून काळी वायर गल्लोगल्ली गेली. केबलवाल्याच्या खोलीत दर वाहिनीमागे एक मॉड्युलेटर, म्हणजे वाहिनी वायरवरच्या ठरावीक नंबरवर बसवणारं यंत्र, आणि कोणती वाहिनी कितव्या नंबरवर लावायची हे ठरवणारा तो एकटा. 1994 मध्ये कन्नड उदया आली, 1999 मध्ये अल्फा मराठी, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं, त्यामुळे वाहिन्याही शेजारी शेजारी. कायद्याची सक्ती दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या भाषेतली एक, एवढ्यांची होती. ती आमच्याकडे दूरदर्शनची कन्नड वाहिनी चंदना. दूरदर्शनची मराठी सह्याद्री लागायची ती गल्लीतल्यांच्या आग्रहाने. महिन्याचे पैसे घ्यायला येणाऱ्या पोराला दारातच सांगता यायचं, 'सह्याद्री दिसंना झालंय बघ.' दुसऱ्या दिवशी ती दिसायची.

केबल डिजिटल करण्याचा कायदा 2011 च्या अखेरीस झाला. चांगलं चित्र हे त्याचं दर्शनी कारण. खरी अडचण वेगळी होती : केबलवाला किती घरं दाखवतो आणि प्रत्यक्षात किती घरांना वायर गेली आहे, याचा मेळ बसत नव्हता. सेट टॉप बॉक्स आला की प्रत्येक घर मोजलं जातं. आधी महानगरं, मग 31 मार्च 2013 ची मुदत असलेली 38 शहरं. त्यात सोलापूर होतं. कर्नाटकातली मात्र बेंगळुरू आणि म्हैसूर एवढीच. बेळगाव शहर तिसऱ्या टप्प्यात, खेडी चौथ्या. तारखा कोर्टकचेऱ्यांत लांबत शेवटी 31 जानेवारी आणि 31 मार्च 2017 वर येऊन थांबल्या.

खोलीतले मॉड्युलेटर भंगारात गेले. सिग्नल मोठ्या कंपनीकडून फायबरने येऊ लागला आणि नंबर लावण्याचा अधिकारही तिकडेच गेला. पोराला दारात सांगून आता काही होत नव्हतं. 2019 च्या नव्या दररचनेत 130 रुपये अधिक जीएसटीत शंभर वाहिन्या मिळाल्या आणि दूरदर्शनच्या सक्तीच्या यादीत सह्याद्रीही आपसूक बसली. जिच्यासाठी आग्रह धरावा लागायचा, ती आता न मागता आली. खासगी मराठी वाहिन्यांचं उलट झालं. कर्नाटकात विकले जाणारे पॅक साहजिकच कन्नड वाहिन्यांभोवती बांधलेले. मराठी हवं तर वेगळं निवडा, वेगळे पैसे भरा. ज्या आजीने कधी यादी भरली नाही, तिच्या घरी काय लागणार हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं.

जमिनीवरचे ट्रान्समीटर तोवर कुणाच्या खिजगणतीत नव्हते. फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने डीव्हीबी-टी2 हे जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण 16 शहरांत सुरू केलं. कर्नाटकातलं त्यात फक्त बेंगळुरू. बाकी ठिकाणी अ‍ॅनालॉगच्या जागी नवं काही न बसवता जुनं बंद करत जाण्याचं धोरण राहिलं आणि मार्च 2022 अखेरपर्यंत मोक्याच्या पन्नासेक जागा सोडून देशभरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर थांबवायचं ठरलं.

डोंगराआडची घरं आता डीडी फ्री डिशवर आहेत. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री घेतली की झालं. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला. त्यामुळे खानापूरकडच्या कौलांवर या छत्र्यांची तोंडं सगळी आग्नेयेला, मराठी घर असो की कन्नड. बेंगळुरूही इथून आग्नेयेलाच आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.