इंद्रजालची मुखपृष्ठं आणि कोल्हापुरी नजर

जुन्या साहसकथा-कॉमिक्सचं कव्हर हे नुसतं वेष्टन न समजता पेंटिंग म्हणून बघायचं, जपायचं आणि त्यावरून चहा गार होईपर्यंत वाद घालायचा, असा हा छंद. मराठी माणसाच्या बाबतीत गाडी बहुतेक वेळा इंद्रजाल कॉमिक्सवरच येऊन थांबते. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने हे कॉमिक मार्च १९६४ मध्ये काढलं, पुढे मराठीतही आलं, १९९० मध्ये बंद पडलं.

यातली गंमत अशी की आतला माल परदेशी आणि कव्हर देशी. ली फॉकचा वेताळ, म्हणजे मुखवटेवाला नायक फँटम, १९३६ सालचा, अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांमधून आलेला, त्या पट्ट्या कापून-जुळवून पानात बसवलेल्या, रंग सपाट. पण बाहेरचं चित्र इथेच नव्याने रंगवलेलं, आणि सुरुवातीच्या काळातली बरीच कव्हरं गोविंद ब्राह्मणिया यांच्या हातची. पुढे १९७६ मध्ये लेखक आबिद सुरतींचा बहादूर हा देशी नायक आला त्याची चित्रंही ब्राह्मणियांचीच. त्यामुळे आत वेताळाचा पोशाख म्हणजे एकच जांभळा रंग ओतलेला, आणि कव्हरवर त्याच पोशाखाला दंडावर चमक, कमरेजवळ सावली, अंगाला वजन. मुखवट्यामागचे डोळे मात्र दोन्हीकडे बिनबुबुळांचे, कोरे पांढरे. लहानपणी त्याचीच भीती वाटायची, खोटं कशाला सांगा.

आता यात कोल्हापूर कुठून आलं? तर इथल्या लोकांना मोठं रंगवलेलं चित्र बघायची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः केली. जी. कांबळे इथलेच, पोस्टरवाले, ज्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र सरकारने अधिकृत म्हणून घेतलं. थिएटरवर फ्लेक्स यायच्या आधी हाताने रंगवलेला बोर्ड बघत ज्यांनी तिकिटाच्या लाइनीत तास काढले त्यांना कव्हर हातात दिलं की गोष्ट नंतर आठवते, आधी विचारतात, उजेड कुठनं आलाय? मशालीचा उजेड गालावर पडलाय आणि मुठीवर नाही, म्हणजे पेंटरने घाई केलीय, संपलं, पुढचं दाखव. माझ्या मते हीच बघायची खरी पद्धत आहे, नाव आणि नंबर पाठ असलेले लोक खूप भेटतात पण चित्र बघणारे कमी.

बघताना आधी हात लांब करून डोळे बारीक करायचे. बारीक तपशील पुसले जातात आणि मूळ मांडणी तेवढी उरते, चांगल्या कव्हरात ती बहुतेक तिरकी असते, म्हणजे घोडा खाली डावीकडून वर उजवीकडे झेपावतोय किंवा दोरीला लटकलेला माणूस कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापतोय, नायक मधोमध सरळ उभा असला की चित्र फोटो काढायला उभं राहिल्यासारखं मरतं. मग भिंग घ्यायचं. चार रंगांचे ठिपके दिसतात, आणि एखादा रंग छापताना केसभर सरकला असेल तर ओठाशेजारी लाल रेघ निघते. कोणी त्याला खराब प्रत म्हणतात, मला ती जास्त आवडते.

याच नजरेने मग लोक रघुवीर मुळगावकरांनी केलेली बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची कव्हरं बघायला काढतात, किंवा प्रताप मुळीक यांची अमर चित्रकथेतली कामं, पण ती वेगळी घराणी.

सांभाळणं मात्र अवघड काम. कोल्हापूरचा पाऊस चार महिने, कागद फुगतो, पिना गंजतात आणि मधल्या घडीवर तांबडा डाग उतरतो, म्हणून गंजकी पिन हळूच काढून पांढऱ्या दोऱ्याने शिवतात. सेलोटेप अजिबात नाही, काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना रंग घेऊन निघते. भाड्याच्या लायब्ररीतल्या प्रतींचं दुखणं वेगळंच, बाइंडिंग करताना चारी बाजूंनी कव्हर कापलेलं आणि जांभळा शिक्का नेमका वेताळाच्या तोंडावर. बाहेरचा गिऱ्हाईक शिक्का बघून भाव पाडतो. इथला आधी शिक्क्यावरची पेठ वाचतो आणि आपली निघाली तर घासाघीस न करता पिशवीत टाकतो.