युद्धकथेतील उपरोध

युद्धावरच्या लघुकथेत पात्राला जेवढे ठाऊक असते आणि वाचकाला जेवढे ठाऊक असते, त्यांतल्या तफावतीतून निघणारा अर्थ म्हणजे उपरोध. उपहासात कोणाची तरी खिल्ली असते. इथे बहुधा कोणाचीच नसते, म्हणून हा उपरोध मनाला अधिक लागतो. शाब्दिक (शब्द एक, अर्थ दुसरा), प्रसंगनिष्ठ (अपेक्षेच्या उलट घडणे) आणि नाट्यगत (पात्राला न कळलेले वाचकाला कळणे) असे त्याचे तीन प्रकार मानतात.

शाब्दिक उपरोधाची सोय मराठीत घरातच आहे. निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. इंदूरच्या रामबागेतून महूच्या छावणीकडे, तिथून आघाडीवर निघालेला मुलगा हातावरचे दही चाटून बुटांचे बंद बांधता बांधता ‘येतो गं आई’ म्हणतो; पहिल्या परिच्छेदात एवढे पुरते. शेवटी तार आल्यावर आईला तोच शब्द आठवला, असे लिहिले की कथा बिघडते, कारण वाचकाने जोडायचा दुवा लेखकानेच जोडून टाकलेला असतो. दह्याची वाटी मात्र पुन्हा दिसली तर चालते : धाकट्याच्या परीक्षेच्या सकाळी, कोणी काही न बोलता. वस्तू दुसऱ्यांदा आली की प्रतीक होते, तिसऱ्यांदा आली की युक्ती उघडी पडते.

नाट्यगत उपरोधासाठी चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ (1915) बारकाईने वाचावी; इंदूरच्या मराठी वाचकाला ती मूळ हिंदीतूनच वाचता येते. पहिल्या महायुद्धातल्या खंदकात जमादार लहनासिंग आजारी बोधासिंगाला स्वतःची जर्सी देतो आणि आपल्याकडे विलायतेहून आलेली दुसरी आहे, असे सांगतो. तशी जर्सी नसतेच. पुढे जखम लपवून तो बोधा आणि त्याचे वडील सुभेदार हजारासिंग यांना गाडीत बसवतो. सुभेदारणीने काय सांगितले होते, हे सुभेदार विचारतो. लहना उत्तर टाळतो. तिने पदर पसरून मागितलेले, नवऱ्याला आणि मुलाला वाचवण्याचे वचन त्यानंतर, मरणाऱ्या लहनाच्या आठवणीतून कळते. हा फ्लॅशबॅक आधी आला असता तर जर्सीचे खोटे नुसता त्याग ठरले असते. अखेरीस वर्तमानपत्रातली यादी : क्रमांक, पलटण, हुद्दा, नाव. ही न्यूनोक्ती, म्हणजे मोठी गोष्ट मुद्दाम कमी करून सांगणे. बातमी वाचणाऱ्या लोकांना फक्त मृत्यू कळतो, कथेच्या वाचकाला कारणही.

प्रसंगनिष्ठ उपरोध सर्वांत जास्त फसतो. रणातून वाचलेला जवान घराच्या दारात अपघाताने गेला, तर तो नुसता योगायोग. उलटलेल्या प्रसंगाचे मूळ पात्राच्याच आधीच्या कृतीत हवे. लिहिताना कागदावर तीन रकाने आखावेत : पात्राला काय माहीत, निवेदकाने काय सांगितले, वाचकाने काय ओळखले. प्रत्येक प्रसंगानंतर ते भरावेत. सलग दोन-तीन प्रसंगांत तिन्ही रकाने सारखे निघाले, तर तिथे ताण सुटलेला असतो. खर्डा पुरा झाल्यावर शेवटचा परिच्छेद हाताने झाकून कथा वाचावी. काहीच कमी वाटले नाही, तर तो परिच्छेद काढावा.