शाळांवरील खर्च आणि विद्यार्थ्यांची प्रगती: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

शाळांवरील खर्च वाढवला म्हणजे मुले अधिक शिकतात का, हा वाद अमेरिकेत पेटला तो १९६६ साली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील तरतुदीनुसार, सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. गुणांमधील तफावतीचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक आहे, असे तिच्या अहवालात मांडले गेले. त्याचा ‘पैशाने काही होत नाही’ असा ढोबळ अर्थ पुढे रूढ झाला.

त्याच सुमारास शाळांमधली विषमता न्यायालयात पोहोचली. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरातल्या एजवूड या गरीब शालेय जिल्ह्यात (शाळांसाठी स्वतः कर आकारणाऱ्या स्थानिक विभागात) शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर आकारूनही विद्यार्थ्यामागे जेमतेम २६ डॉलर जमत, तर त्याच शहरातील अलामो हाइट्समध्ये ०.८५ डॉलर दराने ३३३ डॉलर. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी पालकांचा दावा फेटाळला, आणि खर्च व शिक्षणाचा दर्जा यांच्या संबंधाबद्दल तज्ज्ञांतच एकमत नसल्याची नोंद निकालात केली. साहजिकच पुढचे लढे राज्यांच्या न्यायालयांत लढले गेले.

१९८६ मध्ये अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून असा सुसंगत संबंध दिसत नसल्याचे म्हटले. लॅरी हेजेस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तेच अभ्यास वेगळ्या सांख्यिकी पद्धतीने तपासले आणि उलट निष्कर्ष काढला. खरी अडचण मात्र आकडेमोडीत नव्हती. निधी काही चिठ्ठ्या टाकून वाटला जात नाही. कुठे तो सधन वस्तीमुळे जास्त असतो, तर कुठे मुले मागे पडली म्हणूनच जास्त दिला जातो, त्यामुळे नुसत्या तुलनेतून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

ही कोंडी फोडायला त्या खटल्यांचीच मदत झाली. राज्याराज्यांत वेगवेगळ्या वर्षी निधीवाटपाचे नियम बदलावे लागले होते, त्यामुळे एकाच भागातील आधीच्या आणि नंतरच्या मुलांची तुलना शक्य झाली. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शालेय शिक्षणाची बाराही वर्षे १० टक्के जादा खर्च झालेल्या मुलांची प्रौढपणीची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळली, आणि गरीब घरांतील मुलांच्या बाबतीत हा परिणाम अधिक ठळक होता.