डायनामा गेला, नाव राहिलं: गाडीच्या चार्जिंग तपासणीची पार्श्वभूमी

आमच्या विदर्भातल्या वणी-वरोरा पट्ट्यात गाडीची बॅटरी बसली की पहिलं वाक्य ठरलेलं, "डायनामा गेला असन भाऊ". गाडी दोन वर्षांची असो की वीस, शब्द तोच. डायनामा म्हणजे डायनामो, इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. आता कारमध्ये तो येतच नाही, त्याच कामाला अल्टरनेटर येतो, पण नाव राहिलं आणि नावासोबत तपासायची जुनी पद्धतही राहिली, आणि आपल्याकडे बॅटरी-चार्जिंगचा जो घोळ होतो त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

एकदम जुनं थोडक्यात सांगतो. शिसं-आम्लाची बॅटरी १८५९ ची, कारला सेल्फ स्टार्टर आला १९१२ मध्ये, तोवर हँडल मारायचं. सेल्फ आला म्हणून दमदार बॅटरी लागली आणि ती भरत राहायला डायनामो.

अॅम्बॅसेडर, फियाट आणि जुन्या जीपांचा जमाना डायनामोचा. करंट जेमतेम २०-२२ अँपिअर आणि तोही गाडीला रेस असली तर, आयडलिंगला चार्जिंग जवळपास नाहीच. म्हणून स्टँडवर सवारीची वाट पाहत उभा असलेला ड्रायव्हरही मधून मधून रेस देत राहायचा, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला की पाय आपोआप दाबला जायचा. इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरू नये म्हणून कटआउट असायचा, त्याचे पॉइंट चिकटले की सकाळी बॅटरी साफ आणि कधी कधी डायनामोची वाइंडिंगपण जळालेली. मिस्त्री झाकण काढून पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवायचा, काम झालं. बॅटरीवर तेव्हा डांबराचा थर असायचा आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसायच्या, दोन टोकांचा टेस्टर दाबून एकेक सेल तपासता यायचा, कोणता मेला ते बोट ठेवून सांगता यायचं. बंद प्लास्टिक डब्याच्या बॅटऱ्या आल्या तशी ती सोय गेली. आता काही बॅटऱ्यांवर हिरवा डोळा असतो, पण तो सहापैकी एकाच सेलचं आम्ल पाहतो, त्यामुळे डोळा हिरवा आणि बॅटरी मेलेली असं नेहमी होतं.

अल्टरनेटर अमेरिकेतल्या गाड्यांत १९६० पासून दिसायला लागला, कारण त्याचा उलटसुलट वाहणारा करंट एका दिशेला वळवणारे सिलिकॉन डायोड तोवर स्वस्त झाले होते. आपल्याकडे गावोगाव तो ओळखीचा झाला तो १९८३ नंतर, मारुती ८०० आली तेव्हापासून. आयडलिंगलाही चार्ज करतो, उलटा करंट डायोडच अडवतात म्हणून कटआउटची गरज नाही, आणि कार्बनमधून (फिरत्या भागाला करंट देणाऱ्या ब्रशमधून) फक्त फिल्डचा, म्हणजे आतलं मॅग्नेट तयार करणाऱ्या वाइंडिंगचा, थोडा करंट जातो म्हणून कार्बनही लवकर झिजत नाही.

आता वादाचा मुद्दा. गाडी चालू ठेवायची, बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली तर डायनामा खराब, चालू राहिली तर ठीक. ही टेस्ट आजही अर्ध्याहून जास्त दुकानांत होताना मी स्वतः पाहतो. जुने मिस्त्री म्हणतात, "टर्मिनल काढून पाय ना, दोन मिनिटात समजते", आणि त्यांचा अनुभव खोटा नाही, पेट्रोल गाडीत डायनामोवर स्पार्कच्या कॉइलला करंट मिळत राहिला तर गाडी खरंच चालायची आणि बिघडण्यासारखा फार तर एखादा बल्ब असायचा. पण अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली की रोटरचं (फिरत्या भागाचं) मॅग्नेट एका झटक्यात विरत नाही, व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरला आवरायला वेळ लागतो आणि त्या सेकंदाच्या काही दशांशात १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये ८०-१०० व्होल्टपर्यंतचा झटका जाऊ शकतो. डायोड प्लेट जाते, रेग्युलेटर जातो, इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर शेतकऱ्याचा महिनाभराचा खर्च एका दुपारी गेला. दुसरी गोष्ट तर कोणी बोलतच नाही: आपल्याकडे जास्त गाड्या डिझेल होत्या, कमांडर जीप, सवारीची काळीपिवळी जीप, ट्रॅक्टर. मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल इंजिन, बंद करायला ओढायची केबल, त्याला चालायला करंट लागतच नाही, टर्मिनल काढा की अख्खी बॅटरी उतरवा, चालूच राहणार. मग "गाडी चालू राह्यली म्हंजे डायनामा ठीक हाय" हा निकाल त्या गाड्यांवर कधीच खरा नव्हता, आणि लोक त्या भरवशावर नवी बॅटरी विकत घेत राहिले, चार महिन्यांत तीपण बसली. माझं मत स्पष्ट आहे, ही टेस्ट बंदच व्हायला पाहिजे.

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर आज चार-पाचशेत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको, चालू गाडीत १३.८ ते १४.५. मीटर नसेल तर चाबी ऑन करून अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ पाना धरायचा, ओढला गेला तर फिल्डला करंट पोचतो एवढं नक्की. आणि त्याआधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी, बेल्ट आणि अर्थची वायर पाहा, माझ्या पाहण्यातले कितीतरी "डायनामे" अर्थची वायर घासून नीट बसवल्यावर बरे झाले. आपल्या मे महिन्याच्या ४५-४६ डिग्रीत बॅटरीचं पाणी उडतं, प्लेटा गंजतात, बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं हिवाळ्याच्या पहिल्या थंड सकाळी, तेव्हाही दोष जातो अल्टरनेटरलाच.

आणि आता हे आकडेही डळमळले. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम, आलं, तोवर बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचा हुकूम कॉम्प्युटर द्यायला लागला होता, तो डिझेल-पेट्रोल वाचवायला मुद्दाम व्होल्टेज १२.७-१२.८ वर उतरवतो आणि ब्रेक मारताना १५ च्या जवळ नेतो. मागच्याच हंगामात अशा एका गाडीचा चांगला अल्टरनेटर बदललेला मी पाहिला, मीटर १२.८ दाखवत होता म्हणून. हेडलाइट आणि एसीचा पंखा फुल लावून परत मीटर लावला असता तर बहुतेक आकडा चढलेला दिसला असता. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच चिमूटभर सेन्सर बसवलेला असतो, म्हणून दुसऱ्या बॅटरीवरून स्टार्ट देताना काळा चिमटा टर्मिनलला नाही, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा, नाहीतर बॅटरीत किती करंट गेला याचा कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो.